त्या मे महिन्यातलं पाणी

जुळे सोलापूर,
बुधवार, ६ ऑगस्ट

प्रिय वैजू,

फोन केला असता तर पाच मिनिटांत संपलं असतं. मी कशीबशी सुरुवात केली असती, तू नेहमीसारखं "असू दे गं महेश" म्हणाली असतीस, आणि मग आपण तुझ्या गुडघ्यांवर आणि माझ्या शुगरवर बोलत बसलो असतो. इतकी वर्षं आपण तेच करत आलोय. पत्रात तुला मला मधेच थांबवता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. स्पीड पोस्टाने टाकलं तर शुक्रवारी टेंभुर्णीत पोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. शनिवारी राखीला ऋतुजा घरी येईल. त्याआधी तू हे वाचलेलं असावंस, एवढीच धडपड आहे.

आधी पोरीची खुशाली. ती बरी आहे. मे महिन्यात ऊन लागलं होतं त्याचा आता मागमूस नाही, मेसच्या भाजीला नावं ठेवण्याइतकी ताकद आलीय. त्या दिवशी दवाखान्यात मी तिच्याजवळ बसले होते तेव्हा तुझा फोन आला होता. "तू तिथं हायस म्हणून धीर आला बघ. माझी पोर तुझ्या नजरेखाली हाय, मला कसलीच काळजी न्हाय." तू घाबरलीस की अजून तुझी माढ्याकडची बोली बाहेर येते. मी "हो गं" म्हणाले आणि फोन ठेवला. समोर ती डोळे मिटून पडली होती, हाताला सलाईन. नागझरीच्या तलावात भर दुपारी गाळाचे नमुने घेताना ती कोसळली होती. तिप्पण्णाने तिला मोटारसायकलवर मधे घेतलं, मागे धरायला सुनेला बसवलं आणि तसंच शहरात आणलं. आपला तोच तिप्पण्णा, टायरच्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारा. आता त्याचे केस पांढरे झालेत. त्या उन्हात कशाला गेली होतीस असं तू विचारल्यावर ऋतुजाने तुला "काम होतं" एवढंच सांगितलं असणार. ते काम मी तिच्या मागे लावलं होतं, वैजू. आणि त्याची काही गरज नव्हती हे मला माहीत होतं.

नागझरी म्हटलं की तुला काय आठवतं ते मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत मी कधी केली नाही. मला माझी लुना आठवते. अक्कलकोट रोडने एमआयडीसी मागे टाकली की उजवीकडचा कच्चा रस्ता, तू मागे, आणि तुझ्या मांडीवर बाटल्यांची पिशवी. दर पंधरा दिवसांनी दोघींनी जायचं. तू पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा, मी प्लवक मोजायचे. एक लिटर पाण्यातले ते नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजताना मला रडू यायचं, आणि तू शेजारी बसून माझ्यासाठी आकडे लिहून घ्यायचीस. तुझं स्वतःचं काम संपलेलं असायचं तरीही. उदयसिंह सर म्हणायचे, माझ्या दोन पोरी म्हणजे एका प्रबंधाचे दोन खंड आहेत. एकच तलाव, एकच वर्ष, एकच नोंदवही. तेव्हा त्याचं किती कौतुक वाटायचं.

मग ते साल आलं. आदल्या वर्षी पाऊस नीट झालाच नव्हता. एप्रिलच्या मध्याला आपण गेलो तर मधोमध एक डबकं उरलेलं, तेही शेवाळलेलं. पुढच्या खेपेला तेही नाही. भेगा पडलेली जमीन, आणि तिच्यावरून चालत येणारा तिप्पण्णा. "बाई, तळं तर आटलं की. आता बाटलीत माती भरून नेता व्हय?" आणि हसत सुटला. तूही हसलीस. मग तिथंच एका दगडावर बसून तू नोंदवहीत तारीख टाकलीस आणि खाली लिहिलंस, "पाणी नाही." मे महिन्याच्या दोन्ही खेपांना तेच लिहिलंस. जूनलाही. तुझं ते सरळ, शाळेतल्या फळ्यावर शोभणारं अक्षर मला आजही दिसतं.

सरांना वर्षभराचा अखंड आलेख हवा होता. त्यांचा प्रकल्प संपत आला होता, अहवाल पाठवायचा होता, त्यातून शोधनिबंध निघायचा होता. तीन महिन्यांचा खंड पडला तर पुन्हा एक वर्ष. त्यांनी आपल्याला वेगवेगळं बोलावलं होतं, तुला आठवत असेल. मला म्हणाले, "महेश्वरी, उन्हाळ्यात पाणी कमी झालं की प्लवकांची दाटी वाढते हे जगभर माहीत आहे. आलेख कुठं जाणार हे आपल्याला माहीतच आहे. तेवढा हात फिरव." मी दोन दिवसांत हात फिरवला. एप्रिलचे आकडे थोडे वाढवले, मेमध्ये सगळ्यांत जास्त दाखवले, जूनला उतरवले. फार सुबक आलेख झाला. तुला मी त्यातलं काही सांगितलं नाही. तू मात्र सरांच्या तोंडावर म्हणालीस, "सर, पाणीच नव्हतं तर ऑक्सिजन कशात मोजू?"

त्यानंतरचं तुला माहीत आहे. पण मी ते आजवर एकदाही उच्चारलेलं नाही, म्हणून लिहिते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. विभागातले आणखी दोन प्राध्यापक बसले होते. सरांच्या पुढ्यात माझे आकडे होते आणि तुझी नोंदवही होती. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, या मुलीने तीन महिने तलावावर पाऊलही टाकलेलं नाही आणि आता तलाव आटला म्हणून सांगते. मग माझ्याकडे वळले. "महेश्वरी, तू सांग. पाणी होतं की नव्हतं?"

मी म्हणाले, "होतं सर. थोडं होतं."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं होतं तू ओरडशील, सगळं सांगशील. आपण एका लुनावर बसून गेलो होतो, तिप्पण्णा साक्षीला होता. पण तू काहीच बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी कदाचित मोडले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले, म्हणजे दोष थोडा तुझ्याही माथी जावा. सर जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांच्यावर सगळं ढकलणंही सोपं आहे. पण प्रश्न त्यांनी मला विचारला होता आणि उत्तर माझ्या तोंडून गेलं होतं.

तुझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. तुझे वडील, हिंदुरावकाका, होस्टेलवर सामान न्यायला आले. पांढरं धोतर, हातात पत्र्याची पेटी. मी गच्चीवर लपले होते, पण खाली उतरताना जिन्यात गाठलंच त्यांनी. मला हात जोडून म्हणाले, "पोरी, आमच्या वैजूचं काय चुकलं आसंल तर मोठ्या मनानं घे. तू तिची मैत्रीण हायस. तुमच्या सायबास्नी सांगून बघ की काय हुतंय का." मी "बघते काका" म्हणाले. वैजू, मी बघते म्हणाले!

पुढचं सगळं माझ्या घराच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेलं आहे. पीएच.डी. झाली, नोकरी लागली, विभागप्रमुख झाले, अभ्यास मंडळावर गेले. आणि पुस्तक. पुण्याच्या प्रकाशकाला परिसंस्थेच्या धड्यासाठी आपल्या भागातलं उदाहरण हवं होतं. त्यांना म्हटलं, माझ्याकडे आहे. सातव्या प्रकरणातला तिसरा तक्ता. वर्षभराचे आकडे आणि शेजारी तो सुबक आलेख. पाच आवृत्त्या झाल्या. अभ्यासक्रम चारदा बदलला, वार्षिक परीक्षा जाऊन सेमिस्टर आली, पानं कमी करा म्हणून प्रकाशकाने कितीतरी भाग कापायला लावला. दर वेळी मी मनात म्हणायचे, हा तक्ताही जाऊ दे. पण तो परीक्षेला हमखास येतो म्हणून त्यांनी तो राखला. पाच मार्कांचा प्रश्न आहे, दिलेल्या तक्त्यावरून आलेख काढा आणि मे महिन्यातल्या वाढीचं कारण लिहा. असे किती पेपर मी तपासले असतील. पोरं अगदी मनापासून कारण लिहायची, आणि मी लाल पेनाने पाचपैकी पाच द्यायचे.

तू तिकडे बी.एड. केलंस, सयाजीरावांशी लग्न केलंस, टेंभुर्णीच्या हायस्कुलात आठवी ते दहावी विज्ञान शिकवलंस. तुझ्या शाळेतली दोन मुलं माझ्याकडे बी.एस्सी.ला होती. एकाला मी विचारलं, बेडकाचं जीवनचक्र इतकं छान कुणी शिकवलं? तो म्हणाला, आमच्या बाई पावसाळ्यात वर्गात टबच आणून ठेवायच्या, रोज बघून लिहायला लावायच्या. जे दिसलं तेच लिहा, पुस्तकातलं नको, म्हणायच्या. मी त्या दिवशी तास लवकर सोडला.

आणि मग दोन वर्षांपूर्वी ऋतुजा दारात उभी राहिली. तिच्या हातात माझं पुस्तक होतं. आईने दिलं म्हणाली, आईची मैत्रीण आहात तुम्ही. तिला संगमेश सरांकडे पीएच.डी.ला जागा मिळाली होती आणि तिने विषयही ठरवून टाकला होता. "मॅडम, आपल्या भागात सत्तावीस वर्षांपूर्वीची वर्षभराची आकडेवारी असलेला हा एकच तलाव आहे. तेव्हा आणि आता, तुलना करता येईल." दुसरा तलाव घे म्हणून मी तिला खूप सुचवलं. ती तुझी मुलगी. ऐकते कुठली!

संगमेश तरुण आहे, प्रामाणिक आहे, पण छापलेल्या गोष्टीवर त्याचा फार विश्वास. ऋतुजाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीत त्याने मला तज्ज्ञ म्हणून घेतलं. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. गेल्या वर्षी जुलैत तिने समितीपुढे पहिलं काम मांडलं. तिने तलावाच्या कोरड्या भागात खड्डे घेतले होते. वीतभर खाली तिला एक थर सापडला, भेगाळलेला, आणि त्यात डॅफ्निया या प्लवकाची अंडी खच्चून भरलेली. पाणी आटायला लागलं की तो जीव खोगिरासारख्या काळपट कवचात अंडी घालून ठेवतो, तुला माहीतच आहे. तिने ती धुऊन काढली, प्रयोगशाळेत पाण्यात ठेवली आणि नवव्या दिवशी काही फुटली. छोटे छोटे जीव पोहायला लागले. थराचा हिशेब मांडून ती म्हणाली, हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ आहे, त्या उन्हाळ्यात तलाव पूर्ण आटला होता. तिप्पण्णाकाकाही तेच सांगतात.

वैजू, मी त्या काचेच्या भांड्यात वाकून बघत होते. आपण दोघी ज्या भेगांवरून चालत गेलो होतो, त्या भेगांतली अंडी ती.

संगमेश म्हणाला, "पण मॅडमच्या निबंधात त्या वर्षी मेमध्ये सर्वांत जास्त प्लवक आहेत. छापील आकड्यांपुढे मासे धरणाऱ्याचं सांगणं कसं धरायचं?" ऋतुजा माझ्याकडे वळली. तिला खात्री होती की मी सोडवीन. "मॅडम, तुम्ही स्वतः होता की तिथं. त्या मे महिन्यात पाणी होतं का?"

मी म्हणाले, "कमी होतं. पण होतं."

समितीने तिला सांगितलं, नमुने घेण्यात चूक झालीय, सगळा उन्हाळा पुन्हा कर. तिचं तोंड उतरलं, पण तिने वाद घातला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मॅडम, माझं कुठं चुकतंय ते कळत नाही." आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला नमुने कसे घ्यायचे ते समजावून सांगितलं. या उन्हाळ्यात ती आठवड्याला तीनदा जायची. दुपारी बारा ते दोनचं तापमानही हवं, असं समितीच्या टिपणात होतं. ते टिपण माझ्या हातचं होतं.

तू म्हणशील, मग दवाखान्यातच का नाही बोललीस. तिथं नाही जमलं. घरी येऊन गुरुशांतना सगळं सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. टॉवेलच्या कारखान्यातून दमून आले होते, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता कशाला? चार वर्षं राहिली रिटायर व्हायला. त्या पोरीला दुसऱ्या रस्त्याने मदत कर." महिनाभर मी दुसरा रस्ता शोधला. संगमेशला सांगून तो थर वगळून प्रबंध पुरा करून घ्यावा, असंही मनात आलं. म्हणजे तिच्या कामातलं सगळ्यांत चांगलं तेवढं काढून टाकायचं, आणि वर तिने माझे आभार मानायचे. जूनच्या शेवटी ती नवे निकाल घेऊन आली. तेच. पुन्हा तोच थर, तीच अंडी. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणाली, "मॅडम, मीच काहीतरी मनानं बघतेय का हो? दुसऱ्या कुणालातरी मोजायला सांगते. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना झालाय."

आपल्या कामात डोळ्यांशिवाय दुसरं असतं काय गं?

परवा सोमवारी समितीची बैठक होती. ऋतुजा बोलायला उभी राहिली, तिला मी बस म्हणाले आणि मी उठले. पाच माणसं होती. मी सांगितलं की त्या वर्षी एप्रिल अखेरपासून नागझरीच्या तलावात पाणी नव्हतं. निबंधातले तीन महिन्यांचे आकडे मी बसून लिहिले, पुस्तकातला तक्ता तोच, आणि गेल्या वर्षी या खोलीत मी खोटं बोलले. या मुलीचं निरीक्षण अचूक आहे. संगमेश खाली बघत होता. शेवटी अध्यक्षांनी हळूच विचारलं, "मॅडम, हे इतिवृत्तात घ्यायचं का?" मी म्हणाले, घ्या.

काल प्राचार्यांनी बोलावलं होतं. विद्यापीठ चौकशी समिती नेमेल. माझी पीएच.डी. राहील की जाईल ते सांगता येत नाही, नोकरीचंही नाही. निबंध मागे घ्यायचं पत्र मी नियतकालिकाला पाठवलं आहे, प्रकाशकालाही कळवलं. प्रकाशक म्हणाला, नव्या आवृत्तीत दुरुस्ती करू, एवढं जाहीर कशाला? गुरुशांत माझ्याशी कामापुरतं बोलतात. ऋतुजाचं काम मात्र समितीने त्याच बैठकीत मान्य केलं, तो थर तिच्या प्रबंधात राहणार आहे. मला समितीतून काढा म्हणून मी स्वतःच लिहून दिलंय.

आता मी हे सगळं तुला का लिहितेय ते. सोमवारी बैठक संपल्यावर ऋतुजा माझ्या मागोमाग व्हरांड्यात आली. रागावेल असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं, "आईला माहीत होतं?" मी हो म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "पण आई तर नेहमी सांगते, मला संशोधन झेपलं नाही म्हणून मी सोडलं. महेश्वरी हुशार होती, ती टिकली." वैजू, तू पोटच्या पोरीला हे सांगत आलीस? माझ्यासाठी? मला तिथंच तिला सांगायला हवं होतं, की तुझी आई हरली नव्हती, तिच्या नोंदवहीत खरं लिहिलेलं होतं आणि ते खोटं ठरवायला मी उभी राहिले. पाच माणसांपुढे आकड्यांचं सांगता आलं, पण तिच्यासमोर हे तोंडातून निघेना. मी पुन्हा गप्प बसले. शनिवारी ती तुला विचारणार आहे. तू मला सांभाळून घेशील, "जाऊ दे गं, जुनं झालं" म्हणशील, ही मला भीती आहे. तसं करू नकोस. मला माफ कर असं मी म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तू दिलं नाहीस तरी चालेल. पण तुझी नोंदणी कशी रद्द झाली ते मी विद्यापीठाला सही करून लेखी दिलंय, त्याची प्रत सोबत जोडली आहे. ती आणि हे पत्र ऋतुजाच्या हातात दे. तू समोर बस आणि तिला शेवटपर्यंत वाचू दे.

तुझीच,
महेश्वरी